फिलूच्या लग्नाला माझी हरकत

मी आयुष्यात एकच लग्न मोडायला गेले, आणि त्यासाठी नवी साडी घेतली होती.

गोष्ट चौदा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा साठ वर्षांची होते, म्हणजे अक्कल यायला अजून बराच अवकाश होता. (आता चौऱ्याहत्तर. वाट बघतेय.) इंद्रलोकमध्ये तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके, भिंतीवर ह्यांचा फोटो, मुलगा कॅनडात, सून कॅनडात, नात कॅनडात आणि मी भाईंदर पूर्वेला. अमोल दर रविवारी सकाळी फोन करायचा. जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, पाणी येतंय का, हे तीन प्रश्न झाले की पलीकडून 'बरं मग' ऐकू यायचं. 'बरं मग' म्हणजे फोन संपला. पाण्याचं उत्तर मी मुद्दाम लांबवायचे. सोसायटीची टाकी, मोटार, मोटार दुरुस्त करणारा, त्याचा मेहुणा, असं करत करत चार मिनिटं काढायचे. तीन वर्षं तो इकडे आला नव्हता. रजा मिळत नव्हती.

माझ्या समोरच्या दारात फिलोमिना राहायची. फिलू. मूळची तारोडीची, म्हणजे उत्तनच्या बाजूची ख्रिस्ती. शाळेच्या ऑफिसात नोकरी करून रिटायर झालेली, माझ्याच वयाची, माझ्यासारखीच नवरा गेलेली, मूलबाळ नाही. दुपारी चार वाजता मी तिच्याकडे चहाला जायचे. रोज. मधला पॅसेज सात पावलांचा, पण मी केस विंचरून, तोंडाला पावडर लावून, पायात चपला घालून जायचे. दिवसभरात माझं बाहेर जाणं म्हणजे तेवढंच! पाच वाजता परत यायचे आणि दाराला कडी लावायचे, ती उघडायची दुसऱ्या दिवशी दूधवाल्यासाठी.

तर अशाच एका चार वाजता फिलू बिस्कीट चहात बुडवत म्हणाली, "सुमन, मी लग्न करतेय."

मी विचारलं, "कोणाचं?" तिच्या भाच्याबिच्याचं ठरलं असेल असं मला वाटलं.

"माझं."

बिस्कीट तिचं होतं, पण ठसका मला लागला.

नवरदेवाचं नाव बस्त्याव. तारोडीचाच, शाळेत तिच्या वर्गात होता, बायको जाऊन सात वर्षं झालेली. होडी आता मुलगा चालवतो, हा घरी बसून जाळी विणतो. हे सगळं फिलू सांगत होती आणि माझ्या डोक्यात हळूहळू प्रकाश पडत होता, की अधूनमधून पिशवी घेऊन जिना चढून येणारा तो उंच, काळा, कमी बोलणारा माणूस म्हणजेच हा. मी त्याला मासेवाला समजत होते. एकदा तर मी त्याला दारात थांबवून बोंबील साफ करून द्यायला लावले होते. त्याने निमूट करून दिले होते. (आता कळलं, का. मुलीच्या मैत्रिणीला कोण नाराज करील!)

लग्नानंतर फिलू तारोडीला राहायला जाणार होती. मी छान छान म्हटलं, चारदा म्हटलं, आणि त्या दिवशी पावणेपाचलाच उठले.

पुढच्या रविवारी ती मला आग्रहाने तारोडीकडच्या देवळात घेऊन गेली. (ते लोक चर्चला देऊळच म्हणतात. मला सवय व्हायला वेळ लागला. मी पहिल्यांदा चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या, आणि परत येईपर्यंत त्यांना कोणी हातही लावला नव्हता, याचंच मला जास्त नवल वाटलं.) मिस्सा, म्हणजे त्यांची रविवारची प्रार्थना, संपताना फादरांनी माइकवरून फिलूचं आणि बस्त्यावचं नाव वाचलं, आणि म्हणाले, की या दोघांच्या विवाहाला काही अडथळा असल्याचं कोणाला ठाऊक असेल, तर त्याने तसं कळवावं. फिलूने मला हळूच समजावलं, की असं तीन रविवार वाचतात.

मी थक्क झाले. लोकांना विचारतात! आमच्याकडे अंतरपाट धरायचा, अक्षता वाटायच्या, भटजी सावधान सावधान म्हणून बजावणार, पण आलेल्या माणसांना कोणी विचारतं का, की बाबांनो, तुम्हाला हे पसंत आहे का? आमच्याकडे हरकत घेतात ती जेवणावर, आणि तीही लग्न लागून गेल्यावर, हात धुताना.

शहाण्या बाईने त्याच दिवशी फादरांना गाठून काय ते सांगितलं असतं, किंवा गप्प बसली असती. मी दोन्ही केलं नाही. माझी पक्की समजूत झाली, की हे तीन रविवार म्हणजे नुसती रंगीत तालीम. खरा प्रश्न लग्नाच्या दिवशी, सगळ्यांसमोर विचारणार. सिनेमात तसंच असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या जिग्नाबेनला मी आडून आडून विचारलं, की असं कोणी विचारलं तर बोलावं का. ती ढोकळ्याला फोडणी देत होती. मान वर न करता म्हणाली, "सुमनबेन, वो लोग खुद पूछ रहे हैं ना? फिर जवाब देने में क्या शरम?"

झालं! मला लायसन मिळालं.

मी कॅलेंडरचं जुनं पान फाडून मागच्या कोऱ्या बाजूला कारणं लिहून काढली. एक, फिलूचे गुडघे, आणि बस्त्यावच्या घराला पाच पायऱ्या. दोन, समुद्राची दमट हवा, आणि फिलूचा दमा. (ती जन्मली त्याच हवेत आणि पंचवीस वर्षं राहिली, हे मी हिशेबात धरलं नाही.) तीन, सुक्या मासळीचा वास. तिसरं कारण मलाच पटेना, कारण फिलू माझ्याकडे येताना सुका जवळा घेऊन यायची आणि मी तो चाटूनपुसून खायचे. मग तिसऱ्याच्या जागी 'वय' लिहिलं. मुख्य कारण मी कागदावर लिहिलंच नाही. ते लिहायला जमेना.

लग्न नेमकं दुपारी चार वाजता होतं. मी मोरपंखी साडी नेसले, स्टेशन ओलांडून पश्चिमेला गेले, बस धरली आणि सबंध रस्ताभर ओठातल्या ओठात भाषण पाठ करत राहिले. शेजारची बाई मला स्तोत्र म्हणतेय समजून पदर सावरून बसली.

फिलूने मला दुसऱ्या रांगेत बसवलं. तिच्या बाजूचं जवळचं माणूस म्हणून. हे ऐकून खरं तर माझी जीभ तिथेच झडायला हवी होती. ती क्रीम रंगाच्या साडीत होती, हातात पांढरी फुलं, आणि केस रंगवलेले. मला न विचारता! बस्त्याव सुटात होता. सुटाच्या बाह्या त्याच्या हातांना पुरत नव्हत्या, म्हणून तो दोन्ही हात मागे धरून शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा उभा होता.

मी प्रश्नाची वाट बघू लागले. वाचन झालं, प्रश्न नाही. गाणं झालं, प्रश्न नाही. फादरांचं प्रवचन झालं, तरी प्रश्न नाही. त्यात त्या देवळात उठायचं, बसायचं, गुडघे टेकायचं, याचा एक क्रम असतो, आणि मी सतत एक पायरी मागे. लोक उभे तेव्हा मी बसलेली, लोक बसले तेव्हा मी उभी. मुठीतला कागद घामाने भिजून गेला होता.

मग फादर खाली आले, त्या दोघांसमोर उभे राहिले आणि माइकमध्ये म्हणाले, "तुम्ही इथे स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आला आहात का?"

आला, आला, प्रश्न आला! शब्द थोडे वेगळे होते, पण मी म्हटलं, असेल यांची पद्धत. आणि बस्त्याव तोंड उघडायच्या आत मी उठून उभी राहिले आणि खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "नाही."

चारशे माणसं. वरचे पंखे तेवढे फिरत होते. पेटीवाल्याचं कोपर कुठल्यातरी पट्टीवर टेकलं आणि एक लांबलचक सूर निघाला.

फादर तरुण होते आणि फार सभ्य होते. त्यांना वाटलं माझा पुन्हा क्रम चुकला. हळूच म्हणाले, "मावशी, आता बसायचं आहे."

"मी बसणार नाही," मी म्हटलं. "माझी हरकत आहे."

कोणी हरकत घेतली की पुढे काय होतं, हे सिनेमात दाखवत नाहीत. तिथे लगेच वीज कडाडते. इथे फादरांनी माइक बंद केला, चष्मा पुसला, आणि नवरा, नवरी, मी अशा तिघांना वेदीमागच्या खोलीत नेऊन दार लोटलं. खोलीत त्यांचे झगे टांगलेले, मेणबत्त्यांचे पुडे, एक टेबल आणि दोन खुर्च्या. एका खुर्चीवर त्यांनी मला बसवलं. फिलू उभी, तिचे गुडघे दुखतात हे चारचौघांत सांगायला आलेली मी बसलेली!

फादरांनी समजावून सांगितलं, की हरकत घ्यायला कोणाची ना नाही, पण तिला कारण लागतं. आणि एकेक विचारू लागले. दोघांपैकी कोणाचा आधीचा जोडीदार हयात आहे का? मी म्हटलं, नाही, फिलूच्या नवऱ्याच्या मातीला मी स्वतः होते. दोघांचं रक्ताचं नातं आहे का? मी म्हटलं, तारोडीत सगळेच एकमेकांचे काहीतरी लागतात, पण तेवढं जवळचं नसावं. कोणावर जबरदस्ती झाली आहे का?

इथे बस्त्यावने त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं. "फादर, माज्यावर थोडी झालीय. रोज दाढी करायला सांगितलीय."

फिलूने त्याच्याकडे असं बघितलं, की तेवढ्यावरूनच कोणाचीही खात्री पटावी, हे लग्न झालेलंच आहे, आपण उगाच कागद रंगवतोय.

"मग मावशी, हरकत कशाबद्दल?" फादरांनी विचारलं.

मी मूठ उघडली. कागदाचा लगदा झाला होता. शाई तळहाताला लागली होती, गुडघे, दमा, वय, सगळं एक निळा डाग. मी त्या डागाकडे बघत राहिले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "चार वाजता मी कोणाकडे जाऊ?"

दारापलीकडे लोक खोकत होते. कोणीतरी वेळ काढायला गाणं सुरू केलं होतं.

फिलू एरवी माझ्याशी आमच्यासारखं बोलायची. त्या दिवशी तिची गावची भाषा वर आली. "चार ते पाच तू असतेस, सुमन. बाकीचं तेवीस तास मी काय करते, कदी इचारलंस?"

नव्हतं विचारलं. नऊ वर्षं समोरासमोर राहून नव्हतं विचारलं. मला वाटायचं तेवीस तास फक्त माझ्याच घरात असतात. तिचा टीव्ही मला रात्रंदिवस ऐकू यायचा आणि मी मनात म्हणायचे, मजा आहे बाई हिची. तिलाही माझा टीव्ही ऐकून तसंच वाटत असणार. मी तर कित्येकदा तो बघतही नव्हते, नुसता लावून ठेवायचे.

"हरकत मागे?" फादरांनी विचारलं.

"मागे," मी म्हटलं. फिलूने स्वतःच्या फुलांच्या गुच्छाला गुंडाळलेला रुमाल सोडून माझा निळा हात पुसला. चांगला जोर लावून पुसला. राग होता ना!

आम्ही रांगेने बाहेर आलो. फादरांनी लोकांना सांगितलं, की एक लहानशी शंका होती, ती मिटली. आणि विधी जिथे थांबला होता तिथूनच पुढे सुरू केला, म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. 'स्वखुशीने आला आहात का?' चारशे माणसांनी आधी माझ्याकडे बघितलं. मागच्या बाईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला भरून आलं. नंतर लक्षात आलं, की तो हात मायेचा नव्हता, ती मला खाली दाबून धरत होती.

बस्त्याव हो म्हणाला, फिलू हो म्हणाली, आणि मी वेळेवर टाळ्या वाजवल्या. तिथे टाळ्या वाजवत नाहीत. असो.

खरी गंमत पुढे मांडवात झाली. चारशे माणसांनी बाई उठलेली बघितली होती, बाई आत गेलेली बघितली होती आणि बाई डोळे पुसत बाहेर आलेली बघितली होती. यावरून त्यांनी सरळ सोपा अर्थ काढला, की हिचं बस्त्याववर मन होतं! एकामागून एक बायका मला ताटं आणून देऊ लागल्या. कोणी फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, आणले, कोणी कोळंबी. एक म्हातारी माझ्या शेजारी बसून पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "व्हतं बाय असं. इसर आता त्याला."

मी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. काय सांगणार? की नाही हो आजी, मला तुमचा बस्त्याव नको, मला चहाला सोबत हवी होती? प्रेमभंग झालेल्या बाईला त्या दुसऱ्यांदा वाढत होत्या. नुसत्या एकट्या बाईला एवढं कोणी वाढत नाही. मी मान खाली घातली आणि कोळंबी खाल्ली.

बस्त्यावपर्यंत ही बातमी पोचलीच. त्या दिवसापासून मी समोर आले, की तो शर्टाचं वरचं बटण लावतो.

रविवारी अमोलचा फोन आला. जेवले, गोळ्या घेतल्या, पाणी आलं. तो 'बरं मग' म्हणणार एवढ्यात मी म्हटलं, की मी काल एका लग्नात हरकत घेतली. त्याने का म्हणून विचारलं. मी म्हटलं, लोक म्हणतात, माझं नवऱ्या मुलावर मन होतं.

"आई, खरंय का हे?"

आता इथे एका शब्दात नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण नाही म्हटलं असतं तर लगेच 'बरं मग' आलं असतं. मी एक सुस्कारा सोडला आणि म्हटलं, "आता तुला काय सांगू, बाळा."

बाराव्या दिवशी अमोल बॅग घेऊन दारात! तीन वर्षं न मिळालेली रजा बारा दिवसांत मिळाली होती. आई एकटी आहे म्हणून मिळाली नव्हती. आई कोळ्याच्या प्रेमात आहे म्हटल्यावर मिळाली. तीन आठवडे तो राहिला. रोज चार वाजता माझ्यासमोर चहा घेऊन बसायचा आणि माझ्याकडे टक लावून बघायचा. मी मधेच खिडकीबाहेर बघून जरा उदास व्हायचे. तेवढं त्याच्या तिकिटाचं देणं लागत होतेच मी!

तो गेला आणि फिलूच्या दाराला कुलूप. सुरुवातीला ती बरोबर चारला फोन करायची. मग कधी चारला, कधी सहाला, मग आठवड्याने. तिच्या घरी माणसं येतात जातात, नातवंडं आहेत, कुत्रा आहे. मी महिन्यातून एकदा बसने जाते, ती मला पोटभर जेवायला घालते आणि बसस्टॉपवर सोडायला येते. खरं काय ते तिला एकटीला ठाऊक आहे. तिने आजवर कोणाला सांगितलं नाही. तिच्या मते त्यामुळे बस्त्याव दाढी वेळेवर करतो.

मी मात्र एक औषध शिकले. घर अगदीच अंगावर यायला लागलं, की रविवारच्या फोनवर सहज म्हणायचं, बस्त्यावने सुके बोंबील पाठवलेत रे. त्या दिवाळीला अमोल हजर. बस्त्यावला बरं नाही, फार काळजी वाटते. त्या मे महिन्यात सून आणि नातीसकट हजर. चौदा वर्षांत चार वेळा हे औषध लागू पडलं. जास्त वापरलं नाही मी, गुण जातो.

मागच्या महिन्यात पाचव्यांदा काढलं. दोन वर्षं झाली होती माझ्या घरात दुसरं ताट मांडून. म्हटलं, "अमोल, हल्ली बस्त्यावची फार आठवण येते."

तो अगदी प्रेमाने म्हणाला, "आई, मी आणि ही बोललोय यावर. तू खुशाल लग्न कर. आमची काही हरकत नाही."

बस्त्यावला बायको आहे, ती माझी मैत्रीण आहे, तिच्या हातचं लोणचं मीच याला बांधून दिलं होतं, हे सगळं याच्या लक्षात नाही! पण दुरुस्त करत बसले असते तर तेवढ्यात 'बरं मग' झालं असतं. म्हणून मी एवढंच विचारलं, "तू येशील का लग्नाला?"

"म्हणजे काय, आई! लग्नाला तर यायलाच हवं."

तेव्हापासून मी चौऱ्याहत्तराव्या वर्षी नवरा शोधतेय. कोणी असेल तर कळवा. चहा न पिणारा असला तरी चालेल, दोन आठवड्यांपुरताच हवाय.